१९ व्होल्ट, एक डायोड आणि ‘तपासणी चालू आहे’

टेबल आवरायला घेतलं आणि तिथेच घात झाला. मॉनिटरचा ॲडॅप्टर आणि बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचा ॲडॅप्टर, दोन्ही काळे ठोकळे, दोन्हींची गोल पिन ५.५ मिलिमीटरची, आतलं भोकही सारखंच. एक १९ व्होल्टचा, दुसरा १२ चा. सगळं पुसून परत जोडताना अदलाबदल झाली. मॉनिटरचा दिवा दोनदा लुकलुकला आणि गेला. डिस्कमधून ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि पाठोपाठ जळका वास.

मॉनिटरला त्याचा स्वतःचा ॲडॅप्टर लावला तर जणू काही झालंच नव्हतं. त्याला १९ च्या जागी १२ मिळाले होते, आणि कमी व्होल्टेजने वस्तू बहुतेक वेळा नुसती रुसते. (मोटार असलेल्या वस्तूंबद्दल मी हे छातीठोकपणे म्हणणार नाही, त्या जास्त करंट ओढून तापू शकतात.) डिस्क मात्र गेली. तिच्यात नऊ वर्षांचे फोटो होते. दुसरी प्रत काढायची होती, ‘या रविवारी’.

मग मी तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो. योग्य ॲडॅप्टर लावून तीन-चारदा बघितलं. दर वेळी पिन आत गेली की ॲडॅप्टरचा हिरवा दिवा विझायचा, पिन काढली की परत लागायचा. उत्तर तिथेच समोर होतं: पुढे शॉर्ट आहे आणि ॲडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद पडतोय. मला तेव्हा एवढंच वाटलं की आता ॲडॅप्टरही गेला. तुमच्याकडे असं झालं तर पुन्हापुन्हा लावून बघू नका. दिवा विझतोय की नाही एवढं एकदा बघा, लक्षात ठेवा आणि पिन काढून ठेवा. दुरुस्तीवाल्याला ती एक गोष्ट सांगितली तरी त्याचं निम्मं काम होतं.

आता सर्व्हिस सेंटर.

तिथल्या अर्जात ‘बिघाडाचे कारण’ अशी ओळ होती आणि पुढे चौकटी: आपोआप बंद पडले, खाली पडले, पाणी गेले, इतर. मी ‘इतर’वर खूण करून खरं ते लिहिलं, चुकून १९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावला. काउंटरवरच्या मुलाने वाचलं आणि म्हणाला, “हे लिहिलंत म्हणजे वॉरंटी गेली, सर.” मी म्हटलं, चूक माझी, वॉरंटी मागतच नाही, पैसे देतो, फक्त पॉवरचा भाग बघा. “तपासणी झाल्याशिवाय काही सांगता येत नाही.” पावतीवर छापलं होतं: तपासणी, ३ ते ५ कामाचे दिवस.

सहाव्या दिवशी फोन केला. तपासणी चालू आहे. आठव्या दिवशी केला. तपासणी चालू आहे. दर वेळी आधी ते संगीत, मग नवा माणूस, मग बारा आकडी पावती क्रमांक, मग पहिल्यापासून सगळी कहाणी. “म्हणजे सर, डिस्क पडली होती का?” नाही हो, पडली नव्हती. अकराव्या दिवशी मी वैतागून विचारलं, नेमकं काय तपासताय? पलीकडे क्षणभर शांतता. “सिस्टीममध्ये तेवढंच दिसतं, सर.”

बाराव्या दिवशी स्वतः जाऊन बसलो. टोकन, दीड तास, आणि मग कळलं की ते डिस्क दुरुस्त करतच नाहीत. कधीच करत नव्हते. सवलतीत नवी देतात आणि जुनी जमा करून घेतात. आतल्या फोटोंचं काय? काउंटरवरच्या माणसाने पावती उलटी केली आणि पाठीमागच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या सातव्या कलमावर बोट ठेवलं. डेटाची जबाबदारी ग्राहकाची. बरं, माझी जबाबदारी, मान्य. मग माझी डिस्क मला परत द्या. तर ‘परत नेणे’साठी दुसरा अर्ज, आणि तपासणी पूर्ण झाल्याची नोंद झाल्याशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही. जी तपासणी करायचीच नव्हती, ती पूर्ण होण्याची वाट बघायची!

यात आणखी सहा दिवस गेले. एकूण अठरा. डिस्क हातात आली तेव्हा, देण्याआधी मी तिच्या बाहेरच्या पेटीच्या सांध्यावर लावलेली चिकटपट्टी आणि तिच्यावरची माझी पेनाची तिरकी रेघ, दोन्ही जशीच्या तशी होती. कोणी ती उघडलीच नव्हती. त्या क्षणी मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

त्यामुळे कुठेही वस्तू देण्याआधी तीन प्रश्न विचारा, जमल्यास पावतीवर लिहून घ्या: तुम्ही बोर्डावरचा एखादा भाग बदलता की अख्खी वस्तूच बदलता? बदलली तर जुनी मला मिळेल का? आणि काहीच न करता परत नेली तर किती दिवसांत देता? तिसरा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

पुढचं काम, खोटं वाटेल, वीस मिनिटांचं होतं. बोर्डांची दुरुस्ती करणाऱ्या एका तंत्रज्ञाकडे नेली. त्याने पेटीतून डिस्क बाहेर काढली, खालचा हिरवा बोर्ड सोडवला आणि मल्टिमीटरची टोकं १२ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यावर टेकवली. मीटर किंचाळला, म्हणजे तिथे शॉर्ट. मग त्याने भिंगाखाली मला एक काळा चौकोनी तुकडा दाखवला, चार-पाच मिलिमीटरचा, एका कडेला केसासारखी चीर गेलेला. टीव्हीएस डायोड. एरवी हा काहीच करत नाही, लाइनवर नुसता बसून असतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की सगळा मार स्वतःवर घेतो, आणि मार फार झाला तर शॉर्ट होऊन मरतो. लाइन शॉर्ट झाली की ॲडॅप्टर बंद पडतो आणि मागचे चिप वाचू शकतात. त्याने तो तुकडा काढला आणि पुन्हा मीटर लावला. मीटर गप्प.

ती दुसरी मोजणी महत्त्वाची. तेव्हाही मीटर वाजला असता तर मोटर चालवणारा चिप गेला असण्याची शक्यता मोठी होती, म्हणजे बोर्डच बदलायचा. आणि त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून लावला की झालं, असं आता सहसा होत नाही. प्रत्येक डिस्कच्या स्वतःच्या जुळवणीची माहिती बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते, तो चिप उचलून नव्या बोर्डावर बसवावा लागतो. हे घरी करायचं काम नाही.

डिस्क थेट काँप्युटरच्या आतल्या पॉवर केबलला जोडली. ती फिरायला लागल्याचा तो घूंऽऽ आवाज मी आयुष्यात इतक्या कान देऊन ऐकला नव्हता. पेटीतला दुसरा बोर्ड, डिस्क बाहेरून काँप्युटरला जोडणारा, मात्र जळाला होता, १२ चे ५ व्होल्ट करणारा भाग काळा पडला होता. तो दुरुस्त केला नाही. माझ्या नशिबाने ती पेटी डेटा एन्क्रिप्ट करणारी, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणारी, नव्हती. काही पेट्या करतात, आणि मग डिस्क धडधाकट असूनही त्या बोर्डाशिवाय फाइल्स वाचता येत नाहीत. म्हणून मेलेली पेटी लगेच फेकू नका. रात्रभर फोटो नव्या डिस्कवर उतरत होते. पहाटे बघितलं, ९१ टक्के. सकाळी फोनवर संदेश आला: आपल्या उपकरणाची तपासणी चालू आहे.

लोक सांगतात की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त झाला की नवं घ्यावं. मला तो हिशेब अर्धवट वाटतो. आधी बघायचं की आत न मिळणारं काही आहे का. मग बघायचं की मार कुठे थांबला. दारातच थांबला असेल, म्हणजे फ्यूज, डायोड किंवा फुगलेला कपॅसिटर एवढ्यावर निभावलं असेल, तर दुरुस्ती करा, भाग किरकोळ असतात. राऊटरसारख्या वस्तूत १२ चे ३.३ व्होल्ट करणारा भाग शॉर्ट होऊन पूर्ण व्होल्टेज मुख्य चिपवर गेलं असेल, तर जीव अडकवू नका. माझा राऊटर असता तर मी दुसरा विचार न करता नवा घेतला असता. आणि दुरुस्त झालेल्या वस्तूवर किती विसंबायचं? माझी डिस्क चालते, पण आता ती फक्त तिसरी प्रत आहे. डायोड नवा बसवून घेतला. त्याच्याशिवायही ती चालली असती, पण पुढच्या वेळी मधे पडायला कोणी नसतं.

हे आधीच लिहायला हवं होतं: ठोकळ्यावरचं बारीक राखाडी अक्षर वाचायचं तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. १००–२४० लिहिलेली ओळ इनपुटची असते, आपल्याला आउटपुटची हवी. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. अँपिअर वस्तूच्या गरजेएवढे किंवा जास्त चालतात, जास्त असल्याने काही जळत नाही, कारण वस्तू लागेल तेवढाच करंट घेते. एसी की डीसी तेही बघा, नागमोडी खूण म्हणजे एसी. आणि गोल पिनेचं ते छोटं चित्र, मधल्या ठिपक्याला अधिक की उणे? बहुतेक ठिकाणी मध्ये अधिक असतं, पण गिटारच्या बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि मध्ये उणे लागतं.

चिठ्ठी ठोकळ्यावर लावू नका. ठोकळा टेबलाखाली लोंबत असतो, हातात येते ती फक्त पिन. मी पिनेपासून चार बोटांवर पांढरी पट्टी गुंडाळून ‘डिस्क १२’ आणि ‘मॉनिटर १९’ असं लिहिलंय, आणि डिस्कच्या भोकाशेजारीही ‘१२’.