पेन्सिलीतलं इतिवृत्त

कुठल्याही संस्थेचे कार्यवाह होणार असाल, तर होकार देण्याआधी एक कागद मागून घ्या: शेड्यूल वनचा ताजा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत संस्थेचे पदाधिकारी म्हणून कोणाची नावं आहेत ते सांगणारा कागद. मी मागितला नव्हता. ऑगस्ट २०२२मध्ये आमच्या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक सभेत कोणीतरी माझं नाव सुचवलं, कोणीतरी अनुमोदन दिलं, टाळ्या वाजल्या आणि चहा आला. त्या चहाची किंमत मी पुढे दोन वर्षं पाच महिने फेडत होते.

संघटना लहान आहे. १९८६ची नोंदणी, १४३ सभासद. निम्मे निवृत्त आणि उरलेल्यांतले बरेचसे माझ्यासारखे कंत्राटावर, आज या संग्रहालयात तर उद्या त्या प्रकल्पावर. वर्षाला एक परिसंवाद, एक अंक आणि नव्या मुलांसाठी खापरं ओळखायची कार्यशाळा, एवढाच पसारा. नियम मात्र कडक आहेत. एम.ए.ला पुरातत्त्व आणि उत्खननाचे किमान दोन हंगाम पदरी असतील तरच पूर्ण सभासद, आणि पुरावस्तूंची किंमत ठरवून देणारा किंवा त्यांच्या खरेदी-विक्रीत असलेला माणूस कुठल्याच वर्गात नाही. या नियमावरून आजवर दोघांना आम्ही दारातूनच परत पाठवलंय, त्याचा मला अभिमान आहे. निवडणुका, मतदान वगैरे आमच्याकडे शांतपणे होतं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

भानगड सुरू झाली बँकेत. खात्यावरच्या सह्या बदलायच्या म्हणून ठराव घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीनं तो न वाचताच बाजूला ठेवला. "मॅडम, चॅरिटीचा उतारा लागेल. सध्याच्या कमिटीचा." धर्मादाय कार्यालयातून उतारा काढला, तर त्यावर २००४ची कार्यकारिणी. अकरांपैकी चार जण हयात नाहीत, एक जण कॅनडात, आणि अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आम्ही दर वर्षी व्याख्यान ठेवतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात अशा संस्थेच्या दोन नोंदण्या असतात. एक १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, त्याला सात सभासद पुरतात. दुसरी १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, तिचा नंबर 'एफ'नं सुरू होतो. अर्जावर दोन्ही नंबर लिहा, एकच लिहिला तर आमचा अर्ज आवकच्या खिडकीतूनच परत आला होता. या दुसऱ्या कायद्याचं कलम २२ म्हणतं की पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत शेड्यूल थ्रीमध्ये बदल अर्ज द्या. त्यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. आमची मुदत तीन वर्षांची. म्हणजे २००७, २०१०, २०१३, २०१६, २०१९ आणि आता आमचा २०२२चा. यातला २००७चा दिला होता, पण तारखांना कोणी गेलंच नाही म्हणून तो मंजूर न होताच निकाली निघाला. पुढचे चार कोणी दिलेच नाहीत. प्रत्येक कार्यवाहाला वाटत होतं की आधीच्यानं दिलाय आणि आपलं नंतर बघू.

उत्खननात वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही. इथे बरोबर उलटं. २००७ मंजूर झाल्याशिवाय २०१०ला हात लागत नाही, कारण २०१०ची सभा ज्यांनी बोलावली ते त्या वेळी खरंच पदावर होते का, हे आधी ठरायला हवं. वकीलसाहेब म्हणाले होते की २०१७च्या दुरुस्तीनंतर उशीर माफ होतो आणि तात्पुरती मंजुरीही लवकर मिळू शकते. उशीर माफ झाला, खोटं का बोला. तात्पुरती मंजुरी काही आमच्या वाट्याला आली नाही, कारण आमचा तळाचाच अर्ज अडकला होता.

तो अडकला पेन्सिलीवर.

२००७पर्यंत आमचे कार्यवाह असलेले सर आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची उमेदवारी इनामगावात झाली. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठावर, ताम्रपाषाणयुगातल्या गावाचं ते उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या कितीतरी मुलांचे हात तिथे तयार झाले. सरांना तिथे लागलेली सवय म्हणजे पेन्सिल. आम्हालाही पहिल्या हंगामात हेच शिकवलं होतं: शाई दवानं पसरते, घामानं पसरते, खापरांच्या पिशवीत ओल गेली की लेबल वाचता येत नाही. शिसं राहतं. सरांनी संघटनेचं इतिवृत्तही आयुष्यभर पेन्सिलीनंच लिहिलं. टोकदार एचबी, सरळ ओळी, एक खाडाखोड नाही. आणि वही सह्यांसाठी फिरवताना ते सोबत पेन्सिलच द्यायचे, त्यामुळे सह्याही पेन्सिलीतच.

ही वही मिळायलाच आम्हाला पाच महिने लागले. एका सभासदांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत होती, कापडी पिशव्यांच्या खाली. मार्च २०२३मध्ये ती घेऊन मी धर्मादाय कार्यालयात गेले तेव्हा मला वाटत होतं की आता जिंकलोच.

निरीक्षकांनी पान उलटलं, बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "हे पेन्सिलीनं लिहिलंय. चालणार नाही."

"का, साहेब?"

"उद्या कोणी खोडून दुसरं नाव घातलं तर?"

मी म्हणाले, "खोडलं तर कागदाचे तंतू उठतात. तिरप्या उजेडात लगेच दिसतं."

"ते तुम्हाला दिसतं, मॅडम. मला शेऱ्यात लिहायला लागतं."

आणि त्यांनी त्रुटी लिहिली: इतिवृत्त पेन्सिलीने लिहिले आहे. त्या दिवशी मी तिथे उभं राहून शाई विरुद्ध शिसं यावर जे भाषण दिलं त्याची मला आजही लाज वाटते, आणि थोडी वाटतही नाही. कारण माझ्या स्थळप्रतीवर त्याच कार्यालयानं मारलेला आवकचा शिक्का पहिल्याच पावसाळ्यात इतका पुसट झाला की पुढच्या तारखेला तारीख कुठली हे कोणालाच वाचता येईना. (शिक्का मारून मिळाला की तिथेच जिन्यात उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. घरी जाऊन काढू म्हणू नका.)

बाहेरच्या टपरीवर एका अनुभवी गृहस्थांनी मला प्रेमानं सल्ला दिला: नवी वही आणा, पेनानं उतरवून काढा, जुन्या लोकांच्या सह्या घ्या, कोणाला कळतंय? कळलं नसतं, हे खरं. पण थरात मागाहून काही सरकलंय का, बिळातून वरचं खाली आलंय का, हे तपासण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी स्वतःच्या संस्थेचा २००७चा थर २०२३मध्ये भरायचा? सरांना हे मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर ते त्या टपरीवर आले असते.

मग मार्ग निघाला शपथपत्रांचा. त्या पानावर सह्या असलेल्यांपैकी पाच जण हयात होते. प्रत्येकानं शपथेवर सांगायचं की सभा झाली, मी हजर होतो, ही सही माझी. पाच शपथपत्रं ऐकायला सोपी वाटतात. पण आमच्या लोकांना हिवाळ्यात गाठून दाखवा. पावसाळा संपला की जे ते आपापल्या साइटवर, फोन लागतो तो टेकडीवर चढल्यावर, आणि नोटरी शोधायला तालुक्याला जावं लागतं. शेवटचं शपथपत्र मे महिन्यात आलं, तेही हंगाम आटोपून माणूस घरी परतल्यावर. म्हणून एक गोष्ट पक्की करा: सभा जुलै-ऑगस्टमध्येच घ्या, आणि निवड झाल्या झाल्या, चहा यायच्या आधी, नव्या समितीची संमतीपत्रं आणि ओळखपत्रांच्या प्रती गोळा करा. चहा झाला की माणसं पांगतात.

पेन्सिलीचं चालू असतानाच दुसरी त्रुटी आली, ही २०१३च्या अर्जावर. आमच्या घटनेत लिहिलंय की सभेची सूचना यूपीसीनं, म्हणजे पोस्टाच्या दाखल्यासह पाठवावी. पोस्टानं ती सेवा २०११मध्ये बंद केली. त्यामुळे २०१३पासून आम्ही ईमेल पाठवत होतो, आणि निरीक्षकांच्या भाषेत ती सूचना घटनेप्रमाणे नव्हती. बरं, मग घटना दुरुस्त करू. घटना दुरुस्त करायला सभा हवी. सभेला सूचना हवी. सूचना कशानं? यूपीसीनं. हे मी कागदावर गोल काढून वकीलसाहेबांना दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. शेवटी आम्ही विशेष सभा बोलावली, सगळ्या १४३ जणांना रजिस्टर पोस्टानं पाकिटं पाठवली (खातं गोठलेलं, खर्च माझ्या खिशातून), आधीच्या सभांना मान्यता देणारा ठराव केला आणि घटनेत 'यूपीसी'च्या जागी 'लेखी किंवा ईमेलद्वारे' घातलं. 'रजिस्टर पोस्टाने' असं घालावं असा एकांचा आग्रह होता. बरं झालं ऐकलं नाही, आता रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालंय.

मृत्यूच्या दाखल्यांबद्दल आधीच लिहायला हवं होतं. चार दाखले लागले. तीन घरांतून लगेच मिळाले. चौथ्या घरी काकूंनी दार उघडून विचारलं, "यांनी संघटनेचे काही पैसे द्यायचे राहिलेत का?" असे कागद फोनवर मागू नका, घरी जा.

एप्रिल २०२४मध्ये सर स्वतः आले. लिफ्ट नव्हती, दोन जिने हळूहळू चढले. वर गेल्यावर कळलं की कर्मचारी निवडणुकीच्या कामावर, पुढची तारीख जूनची. सर काही बोलले नाहीत. बाकावर बसून डबा खाल्ला, मला अर्धी पोळी दिली आणि आम्ही खाली उतरलो. मी रिक्षात खूप बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जूनमध्ये सुनावणी झाली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वही पुढे केली. "ही सही तुमची?"

"हो. अक्षरही माझंच." आणि न विचारताच सरांनी पिशवीतून एक जुनी रोजनिशी काढून टेबलावर ठेवली. इनामगावच्या दिवसांतली, खाजगी. मुखपृष्ठावर शाईनं लिहिलेलं नाव पाण्यानं विरघळून निळा ढग झालेला. आत पेन्सिलीचं एकेक अक्षर जागच्या जागी. साहेबांनी दोन पानं उलटली आणि तिसऱ्यावर थांबले. तिथे एका लहान मुलाच्या दफनाचं रेखाटन होतं: घराच्या जमिनीखाली दोन रांजण, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले.

"हे घरातच पुरायचे?"

"घरातच, साहेब. जमिनीखाली."

मग पाचेक मिनिटं सर जोर्वे संस्कृतीवर, म्हणजे इनामगावच्या त्या जुन्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीवर बोलले. मागे दोन देवस्थानांची आणि एका शिक्षण संस्थेची मंडळी ताटकळत होती, त्यांचे वकील घड्याळाकडे बघत होते. साहेबांनी रोजनाम्यात काहीतरी लिहिलं आणि ऑगस्टमध्ये २००७चा अर्ज मंजूर झाला.

तळ सुटल्यावर बाकीचे भराभर सुटले. मधे विधानसभेच्या निवडणुकीनं पुन्हा महिनाभर खाल्ला. २०१९च्या अर्जात आमचे एक सभासद सरकारी खात्यात असल्याचं निघालं. सरकारी नोकरीतल्या माणसाला निवडून येऊन पद घ्यायचं तर खात्याची पूर्वपरवानगी लागते. सुदैवानं त्यांनी ती घेतली होती आणि जपूनही ठेवली होती. त्यांना मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. दुसरा नमस्कार आमच्या खजिनदार काकांना. एवढ्या वर्षांत बदल अर्ज कोणी दिला नाही, पण हिशेब दर वर्षी तपासून दाखल झालेले होते. ते नसते तर मी आजही त्या बाकावर असते.

जानेवारी २०२५मध्ये उतारा मिळाला. माझं नाव त्यावर होतं, आडनावातली एक वेलांटी चुकलेली. मी ती दुरुस्त करायला गेले नाही.

उतारा घेऊन बँकेत गेले. मुलगी बदलली होती. तिनं उतारा पाहिला, पॅन कार्ड पाहिलं आणि म्हणाली की पॅनवर संस्थेच्या नावात 'आर्किऑलॉजिकल' आहे आणि उताऱ्यावर 'आर्किऑलॉजिस्ट्स'. त्याला अजून तीन आठवडे गेले. मार्चमध्ये पहिला चेक फाटला, छापखान्याच्या नावानं. २०२२चा अंक २०२५मध्ये निघाला. ऑगस्टमध्ये नवी निवडणूक झाली आणि बदल अर्ज मी बाराव्या दिवशी दिला, इतिवृत्त पेनानं, शिक्क्याचा फोटो जिन्यातच काढून.

अंकाच्या सतरा प्रती 'पत्ता बदलला' म्हणून परत आल्या आहेत. सभासद असाल आणि अंक मिळाला नसेल तर नवा पत्ता कळवा, आणि कृपया पूर्ण लिहा, पिनकोडसकट.