माटोळीच्या यादीतून वाचनाकडे: माझा अनुभव

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या सरकारी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात. घरी कोकणी, पुस्तक मराठी. दुसरीत आलेल्यांना मुळाक्षरं तोंडपाठ होती. पण 'कान' समोर आला की 'क ला काना का, न' म्हणून तिथेच थांबायची. शब्द काही हाती लागत नव्हता.

म्हणून अ ते ज्ञ हा क्रम बाजूला ठेवला. क, न, म, स, त, र एवढीच अक्षरं घेतली आणि लगेच काना. तेवढ्यात कान, नाक, मान, मामा, तारा असे कितीतरी शब्द तयार होतात. मग वेलांटी, आणि इथे घाई चालत नाही. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी, उच्चारताना मात्र नंतर. एक मुलगी 'चि'वर बोट ठेवून दर वेळी 'इच' म्हणायची. तिला आधी 'च' लिहायला लावला, मग तोंडाने 'चि' म्हणत डावीकडून वेलांटी.

खरी गती आली ती चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आल्यावर. घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, कोणकोणती फळं बांधतात ते मुलांनी सांगायचं, मी फळ्यावर जसंच्या तसं लिहायचं: नारळ, सुपारी, केळी, कांगलां, चिबूड. दुसऱ्या दिवशी तेच वाचायचं. त्याच मुलीने 'चिबूड' न अडखळता वाचला आणि पुढचा शब्द कोणता म्हणून मलाच घाई केली!

मग चित्र काढून त्याखाली स्वतः लिहिणं सुरू झालं. 'चीबुड', 'सुपरी' असं काहीही येई. मी लाल पेन लावत नसे, खाली बरोबर शब्द लिहून देई. एका वडिलांनी वही पाहून काळजीने विचारलं, "टीचर, हो कितें बरयता?" (हा काय लिहितो?) मी मुलालाच वाचून दाखवायला सांगितलं. पाच ओळी त्याने धडाधड वाचल्या. या वयात आधी अर्थ, मग शुद्धलेखन, असं माझं ठाम मत आहे.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं तिसरीसाठीचं लक्ष्य आहे मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. साठचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. मी घड्याळ बंद केल्यावर गोष्टीतलं एखादं 'का?' विचारतेच.

जोडाक्षरं मात्र नंतरसाठी राखून ठेवावी लागली नाहीत. पत्ता लिहिताना 'सत्तरी' आलं, नदीचं नाव लिहिताना 'म्हादई'.