विकलेल्या गाड्या गोडाउनातच

28 मार्च 2017 ला गुढीपाडवा होता. जळगावातल्या आमच्या दुचाकींच्या शोरूममध्ये हार-पेढे आणि डिलिव्हरीची गडबड. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: 1 एप्रिलपासून बीएस-3, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या गाड्यांची विक्री बंद, नोंदणीही बंद. बंदी फक्त उत्पादनावर आहे, तयार गाड्या विकू द्या, हे कंपन्यांचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. देशभरात अशा सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या पडून होत्या, त्यात बहुतांश दुचाकी.

स्टॉक आणि बिलिंग माझ्याकडे होतं. गोडाउनातली एकूण एक गाडी कंपनीच्या हिशेबात केव्हाच विकली गेली होती. गाडी लाइनवरून तयार होऊन उतरली की उत्पादनात धरतात. डीलरच्या नावाने बिल होऊन ट्रक निघाला की ती विक्रीत जाते. दर महिन्याच्या 1 तारखेला कंपन्या जाहीर करतात ती विक्री बहुतेक हीच. गिऱ्हाइकाने गाडी नेली की नाही, याचा त्या आकड्याशी संबंध नसतो.

31 तारखेला शटर उघडायच्या आधीच रस्त्यापर्यंत रांग. काही मॉडेलांवर हजारोंची सूट लागली होती. नोंदणीसाठी विक्री त्याच दिवसापर्यंतची हवी, म्हणून फॉर्म 21, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावरची तारीख मी पुन्हा पुन्हा तपासत होतो. शेजारी पोरं चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासत होती. अमळनेरकडून आलेला एक शेतकरी म्हणाला, "रंग कोन्ता बी चाली, भाऊ." पाडव्याला पूर्ण किमतीत गाडी नेलेले एक गुरुजी मात्र संतापून आले. त्यांचा राग अगदी रास्त होता.

आता 'फाडा' ही डीलरांची संघटना सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या गाड्यांच्या नोंदणीवरून दर महिन्याला किरकोळ विक्रीचे आकडे देते. उत्पादन, डीलरकडे रवानगी आणि नोंदणी हे तिन्ही आकडे बातमीत शेजारी शेजारी यायलाच हवेत, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

त्या रात्री काही गाड्या उरल्याच. आता देशात त्यांची नोंदणी होणार नव्हती. कंपनीच्या विक्रीत त्या आधीच मोजून झाल्या होत्या. त्या गाड्यांसाठी काढलेल्या कर्जावरचं बँकेचं व्याज मात्र आमच्या मालकांच्या खात्यावर चढत राहिलं.