पक्षाचा रकाना: पेनसिल्व्हेनियात मतदार होताना

२०२१ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात मी अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हा कोविडमुळे नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. नवरा पार्किंगमध्ये थर्मासमधला चहा पीत बसला होता आणि आत आम्ही वीस-पंचवीस जण एकमेकांपासून सहा-सहा फुटांवर मांडलेल्या खुर्च्यांपुढे, तोंडाला मास्क लावून, उजवा हात वर करून उभे होतो. सारा विधी अर्ध्या तासात आटोपला. बाहेर पडताना हाती दिलेल्या लिफाफ्यात नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, एक छोटा झेंडा आणि मतदार नोंदणीचा कोरा अर्ज होता.

त्या अर्जाची मला आधीची पाच वर्षे अक्षरशः भीती वाटत आली होती. ग्रीन कार्ड असताना वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी गेले, की ‘तुम्हाला मतदार म्हणून नाव नोंदवायचे आहे का?’ हा प्रश्न समोर येई आणि मी दोनदा वाचून ‘नाही’वर बोट ठेवत असे. नागरिक नसताना नागरिक असल्याचे सांगून नाव नोंदवणे हा इथे देशाबाहेर घालवण्याइतका गंभीर गुन्हा ठरू शकतो, आणि नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातही ‘आपण पूर्वी कधी अमेरिकेत मतदार म्हणून नाव नोंदवले आहे का?’ असे स्पष्ट विचारलेले असते. घाईत चुकीच्या चौकोनात खूण केली म्हणून वकिलाकडे खेपा घालाव्या लागलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत. त्यामुळे जो कागद इतकी वर्षे टाळला तो आता हक्काने भरायचा, याचे मला जरा नवलच वाटत होते.

माझ्या वेळी नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी जे शंभर प्रश्न पाठ करावे लागत आणि ज्यांपैकी दहा विचारून सहा बरोबर यावे लागत, त्यांत एक प्रश्न असा होता: ‘अमेरिकेतील दोन प्रमुख राजकीय पक्ष कोणते?’ डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन, हे उत्तर मी भांडी घासतानाही म्हणून दाखवले असते. त्या दोघांपैकी तुमचा कोणता, हे मात्र परीक्षेत कोणी विचारत नाही. ते नोंदणीच्या अर्जात विचारतात.

अर्ज तसा एका पानाचाच होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक, आपण नागरिक आहोत आणि निवडणुकीच्या दिवशी अठरा वर्षांचे असू या दोन प्रश्नांची उत्तरे, आणि सही. हे सगळे दहा मिनिटांत झाले. त्यानंतर पक्षाचा रकाना आला आणि पेन थांबले. डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, कोणताही नाही, अन्य. मी पुण्यात कोथरूडला वाढले. आमच्या घरी मतदानाहून परतल्यावर बाबा आईलाही ‘कुणाला दिलंस?’ असे विचारत नसत, आणि मी पहिल्यांदा मत दिले त्या दिवशी बोटावरची शाई दाखवत उत्साहाने काही सांगू लागले, तेव्हा त्यांनी मला हातानेच थांबवले होते. आपल्याकडे पक्षाचे सभासद व्हायचे तर पक्षाकडे जाऊन पावती फाडावी लागते. निवडणूक यंत्रणेच्या कागदावर तुमचा पक्ष कधी येत नाही. इथे सरकारी अर्जातच तो लिहायचा, वर तो मतदार कार्डावर छापून येणार, हे मला काही केल्या पटेना.

मी एडिसनच्या मैत्रिणीला फोन केला. ती न्यू जर्सीत दहा वर्षे मतदान करत होती. ती म्हणाली, “‘कोणताही नाही’ लिही आणि मोकळी हो. प्रायमरीच्या दिवशी तिथेच टेबलावर सांगायचं कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते.” मनासारखाच सल्ला मिळाल्यामुळे मी तो तपासला नाही. ‘कोणताही नाही’पुढे खूण केली, अर्ज काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पत्त्यावर टपालाने पाठवला आणि मार्चमध्ये घरी कार्ड आले.

प्रायमरी म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्याला समांतर असे काही नाही. आपल्याकडे उमेदवारी पक्षाचे श्रेष्ठी ठरवतात, तिकीट वाटतात आणि ज्याला मिळत नाही तो बंडखोरी करतो. इथे नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्षातर्फे कोण उभे राहणार, हे काही महिने आधी होणाऱ्या प्रायमरीत मतदार ठरवतात, आणि तीही सरकारच घेते: तीच मतदान केंद्रे, तेच कर्मचारी. त्या प्रायमरीत कोणाला मत देता येईल याचे नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाला तर नोंदणीच्या वेळी पक्ष विचारतच नाहीत. न्यू जर्सीत पक्ष न नोंदवलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर एक पक्ष निवडू शकतो, म्हणजे मैत्रिणीचे म्हणणे अगदी बरोबर होते. फक्त ते दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या डेलावेअर नदीच्या तिच्या तीरापुरते बरोबर होते.

१८ मे २०२१ रोजी मी सकाळी सातला, केंद्र उघडताच, चेस्टर काउंटीतल्या आमच्या भागाच्या केंद्रावर हजर झाले. केंद्र होते स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या इमारतीत. बंब बाहेर काढून ठेवले होते आणि आत तेलाचा व ओल्या रबराचा वास होता. टेबलाशी साठीच्या दोन बायका बसल्या होत्या. पहिल्यांदाच मत देणाऱ्याला ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून मी परवाना पुढे केला. एकीने माझे आडनाव अक्षर-अक्षर लावत यादीत शोधले, पट्टी ठेवून ओळ पाहिली आणि अतिशय सौम्यपणे म्हणाली, “तुमच्यासाठी आज फक्त प्रश्न आहेत.” मला वाटले, हिला मलाच काही विचारायचे आहे. मी म्हटले, “विचारा.” मग तिने समजावून सांगितले की पक्ष न नोंदवलेल्या मतदाराला या राज्यात प्रायमरीत कोणत्याही उमेदवाराला मत देता येत नाही, राज्यभर मतदानाला टाकलेले चार प्रश्न तेवढे मला सोडवता येतील. मी विचारले, आत्ता पक्ष सांगितला तर? ती म्हणाली, बदलाची मुदत निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी संपते. म्हणजे ३ मे रोजीच संपली होती.

शेजारच्या टेबलावरून लोक लांबलचक मतपत्रिका घेऊन जात होते आणि माझ्या हाती आला तो त्यांच्या मानाने जवळजवळ कोराच वाटणारा कागद. मी आडोशाच्या मेजाशी उभी राहून लंबगोल काळे केले. दोन प्रश्न गव्हर्नरच्या आणीबाणीच्या अधिकारांना आवर घालण्याचे होते, तिसरा वंश किंवा वांशिकतेच्या कारणाने कोणाचे समान हक्क नाकारता येणार नाहीत हे राज्यघटनेत घालण्याचा, आणि चौथा अग्निशमन दलांच्या कर्जाचा होता: तोवर फक्त स्वयंसेवी दलांना मिळणारी सरकारी कर्जे पगारी कर्मचारी असलेल्या दलांनाही मिळावीत का? तो प्रश्न अग्निशमन दलाच्याच इमारतीत, बंबांच्या रिकाम्या जागेत उभे राहून सोडवताना माझा राग थोडा निवळला. चारही प्रस्ताव पुढे मंजूर झाले. ते काही कमी महत्त्वाचे प्रश्न होते असे नाही, परंतु मी ज्यासाठी गेले होते ती निवड माझ्या शेजारून निघून गेली होती.

खरे नुकसान नोव्हेंबरमध्ये कळले. त्या वर्षी शाळा मंडळाची निवडणूक होती, आणि मुलांना मास्क लावावेत की नाही यावरून मंडळाच्या सभांमध्ये इतकी आरडाओरड होत होती, की मुलगा पाचवीत असल्यामुळे मला त्या निवडणुकीचेच सर्वांत जास्त पडले होते. पेनसिल्व्हेनियात शाळा मंडळाच्या उमेदवाराला एकाच वेळी दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत उतरता येते. दोन्हींकडे जिंकला, तर नोव्हेंबरमध्ये त्याच्यापुढे दोन्ही पक्षांची नावे येतात आणि त्याला विरोध असा उरतच नाही. टाउनशिपच्या, म्हणजे गावपातळीवरच्या, पदांचेही तेच: जिथे एका पक्षाचेच पारडे कायम जड असते, तिथे मे महिन्यात जो जिंकला तोच निवडून आला असे समजायचे. नोव्हेंबरमध्ये मी मतदान करून अभिमानाने ‘मी मत दिले’ हा स्टिकर कोटावर लावला खरा, पण बरीचशी पंगत उठल्यावर पानावर बसल्यासारखे वाटत होते.

मग हिवाळाभर मी त्या एका रकान्याचा विचार केला. इथल्या मराठी मंडळातले एक काका, जे तीस वर्षांपूर्वी नागरिक झाले, त्यांचा हिशेब रोखठोक होता. “आपल्या भागात ज्या पक्षाच्या प्रायमरीत चुरस असते, तो लिहायचा. मनातून तू कोणाची आहेस याच्याशी त्याचा काय संबंध?” नियमाप्रमाणे ते चूक नव्हते. या नोंदणीला वर्गणी नाही, शिस्त नाही, कोणतेही बंधन नाही. नोव्हेंबरमध्ये तुम्ही खुशाल दुसऱ्या पक्षाला मत द्या, ते कोणालाही कळत नाही. तरीही ज्या पक्षाचे काहीच पटत नाही, त्याचा उमेदवार निवडायला जाणे मला परक्याच्या घरच्या लग्नात मानपान मागण्यासारखे वाटले. दुसरीकडे, ज्या पक्षाकडे माझा कल होता त्याच्याही निम्म्या गोष्टी मला पटत नव्हत्या. त्या निम्म्या बदलाव्यात असे वाटत असेल, तर ते म्हणण्याची जागा प्रायमरीच आहे, हे मला वेळ लागून का होईना पटले.

एक गोष्ट मात्र अजून खटकत होती. पेनसिल्व्हेनियाची संपूर्ण मतदार यादी, तिच्यातल्या नाव-पत्त्यांसह, पक्षाच्या नोंदीसह आणि कोणकोणत्या निवडणुकांत मतदान केले याच्या तपशिलासह, २० डॉलर भरून मागवता येते. मत गुप्त असते. पक्ष आणि हजेरी गुप्त नसते. बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे हातानं थांबवायला तिथे कुणी नाही.” त्यांनीच काही महिन्यांपूर्वी कोथरूडच्या यादीतून माझे नाव कमी करण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरून दिला होता, कारण दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व संपते आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही. त्या अर्जाची पावती त्यांनी माझ्या जुन्या शाळेच्या दाखल्यांच्या फाइलीत ठेवली आहे.

जानेवारी २०२२ मध्ये मी राज्याच्या संकेतस्थळावर गेले, ‘पक्षात बदल’ हे कारण निवडले आणि एका पक्षापुढे खूण केली. पहिल्या वेळी ज्यासाठी आठवडाभर पेन अडले होते, त्याला चार मिनिटे लागली. पंधरा दिवसांत नवे कार्ड आले आणि त्यापाठोपाठ पत्रपेटीत चकचकीत पत्रके पडू लागली. एप्रिलमधल्या एका शनिवारी त्या पक्षाची स्थानिक समिती सदस्य दारात आली. यादीवरून माझे नाव तिने बरोबर उच्चारले. कोणीतरी इतकी तयारी करून आले, याचे मला कौतुकही वाटले आणि किंचित अवघडल्यासारखेही झाले.

१७ मे २०२२ रोजी त्याच इमारतीत, त्याच टेबलाशी, त्याच बाईंनी पट्टी ठेवून माझी ओळ पाहिली आणि या वेळी लांब मतपत्रिका दिली. गव्हर्नर, सिनेट, प्रतिनिधिगृह, राज्याचे विधिमंडळ. दोन्ही बाजू भरलेल्या. त्याच दिवशी रिपब्लिकन पक्षाच्या सिनेट प्रायमरीत तेरा लाखांहून अधिक मते पडली आणि फेरमोजणीअंती मेहमेट ऑझ यांनी डेव्हिड मॅकॉर्मिक यांना अवघ्या ९५१ मतांनी मागे टाकले. त्या वेळी या राज्यात कोणत्याही मोठ्या पक्षाची नोंद नसलेले दहा लाखांहून अधिक मतदार होते. त्या तेरा लाखांत माझे मत होते की नव्हते, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी २० डॉलर भरावेत.

नवऱ्याची शपथ २०२४ च्या मार्चमध्ये झाली. तोवर नातेवाइकांना आत सोडू लागले होते, त्यामुळे मी आणि मुलगा मागच्या रांगेत बसलो होतो. प्रायमरी २३ एप्रिलला होती आणि नोंदणीची मुदत ८ एप्रिलला संपत होती, म्हणून त्याच रात्री त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज पसरला. पक्षाच्या रकान्याशी त्याचेही पेन थांबले. “इथे काय लिहू?” त्याने विचारले. मी त्याला मुदतीची तारीख सांगितली, रकाना रिकामा ठेवला तर मे २०२१ मध्ये काय झाले होते ते पुन्हा एकदा सांगितले आणि उरलेल्या पोळ्या लाटायला उठले. त्याने काय लिहिले ते मी विचारले नाही. दोन आठवड्यांनी टपालात त्याचे कार्ड आले, तेव्हा कळले. आणि तेव्हापासून आमच्या पत्रपेटीत दोन्ही पक्षांची पत्रके पडतात.