पेडलमधली पांढरी पाच

गिटारचा आवाज करकरीत करणारं ओव्हरड्राइव्हचं पेडल दाबलं की अँपमधून (अँप्लिफायरमधून) 'घूंऽऽ' सुरू व्हायचं. त्याच्यावर बारीक, डासासारखी एक 'चीं' सुद्धा. मी आधी गिटारला दोष दिला, मग केबल बदलल्या, मग अँप दुसऱ्याच्या घरी नेऊन पाहिला. या उद्योगात दोन आठवडे गेले.

खरं तर पहिल्याच दिवशी करायची गोष्ट मी सगळ्यात शेवटी केली. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली, एकटं ओव्हरड्राइव्ह तिच्यावर लावलं. आवाज साफ. म्हणजे गिटार, केबल, अँप सगळे निर्दोष, चोर वीजपुरवठ्यात. माझ्याकडे एक जुना एलिमिनेटर (बॅटरीऐवजी भिंतीतल्या विजेवर चालवणारा अडॅप्टर) आणि त्यातून पाच तोंडं निघालेली वायर, तिच्यावर सूर दाखवणारा ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह आणि प्रतिध्वनी देणारा डिले अशी तीन पेडल्स होती.

पुन्हा एलिमिनेटर लावला आणि गंमत म्हणून तो 'घूं' ट्यूनरला ऐकवला. काटा 'जी'वर, पण चांगलाच चढा. सगळ्यात जाड तारेवर तिसरा पडदा दाबून वाजवला, तर जवळजवळ तोच सूर, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी पाच, जरा वर सरकलेली. हा जी ९८ हर्ट्झचा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि एलिमिनेटरमधले चार डायोड तिच्या दोन्ही बाजू उलगडून १०० करतात. केबलला किंवा पिकअपला (गिटारच्या तारांचा कंप टिपणाऱ्या भागाला) बाहेरून लागलेली गुणगुण सहसा ५०ची, एक सप्तक खाली ऐकू येते. त्यामुळे संशय थेट आतल्या, हे चढउतार सपाट करणाऱ्या कपॅसिटरवर गेला.

मीटर लावला. एलिमिनेटरवर ९ लिहिलेलं, मोकळा असताना १३ व्होल्ट, तिन्ही पेडल्स लावल्यावर साडेनऊ. आत व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाहीच! प्लग काढून, थोडं थांबून तो उघडला. १००० मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर, डोकं फुगलेलं. पुण्याच्या तापकीर गल्लीत एका दुकानात तो दाखवला तर काका म्हणाले, "हा बदललास तरी फरक किती पडणार? लोड किती घेतोस?" मी म्हटलं, साधारण ११० मिलिअँप. त्यांनी बिलाच्या मागे हिशोब मांडला: सेकंदाला शंभर वेळा भरणं-रिकामं होणं, म्हणजे नवा कपॅसिटर असला तरी व्होल्ट साधारण १.१ व्होल्टने हेलकावणार. ओव्हरड्राइव्ह त्या हेलकाव्यालाच फुगवून अँपकडे पाठवतो. "१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घे, २२००चा कपॅसिटर टाक, पुढे ७८०९ रेग्युलेटर लाव. हीट सिंक विसरू नकोस."

रविवारी जोडलं. 'घूं' गेला. 'चीं' मात्र तशीच!

ती डिलेची. त्याच्या आतला डिजिटल घड्याळाचा ठोका एकाच वायरीच्या सामाईक ग्राउंडमधून, म्हणजे ऋण तारेतून, ओव्हरड्राइव्हपर्यंत पोचत होता. एकेक पेडल काढत गेलो तेव्हा कळलं: डिले एकटा असेल तेव्हा गप्प, सोबतीला ओव्हरड्राइव्ह आला की किरकिर. इथे मोठा कपॅसिटर कामाचा नाही, दोघांची चूलच वेगळी मांडावी लागते. दुसऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर डिलेसाठी स्वतंत्र रेग्युलेटर केला आणि दोन्हींची ग्राउंड पुरवठ्याच्या बाजूने कुठेच जोडली नाहीत. बाजारात आयसोलेटेड सप्लाय म्हणून जे मिळतं ते तत्त्वतः हेच, फक्त महाग.

या भानगडीत एक फजिती झाली. पेडलच्या पिनमध्ये ऋण टोक आत आणि धन बाहेरच्या नळीवर असतं. वायरीचं एक मोकळं तोंड लोंबत होतं, ते डिलेच्या पत्र्याच्या खोक्याला टेकलं. ठिणगी उडाली आणि तिन्ही पेडल्स एकदम गार. त्यानंतर मोकळ्या तोंडांना टेप गुंडाळलेली असते.

सोसायटीतल्या वायरमनकडून खोलीतल्या सॉकेटची अर्थिंगही तपासून घेतली. वायर होती, फक्त जोडलेली नव्हती. अँपच्या बॉडीला टेस्टर लावला की तो मिणमिणायचा, ते थांबलं. आधी वाटायचं की तारांना हात लावला की आवाज कमी होतो म्हणजे सगळं ठीकच आहे.

एक बारीक गुणगुण अजून आहे. ती सिंगल कॉइल पिकअपची, ट्यूबलाइटकडे तोंड केलं की वाढते. मी भिंतीकडे वळून वाजवतो.