रस्टमधली वही: वळतीवर अडलेलं गाडं

परभणीच्या मोंढ्यात काकांची आडत आहे. त्यांच्या वहीचा प्रोग्राम रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतलाय, हे मागच्या नोंदीत आलंच. शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी निघते, हमाली-तोलाई वजा होते.

या आठवड्यात गाडं अडलं ते वळतीवर, म्हणजे एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात टाकण्यावर. थोरल्या भावाची उचल धाकट्याच्या नावे टाकायची होती. सगळी खाती एकाच व्हेक्टरमध्ये (ओळीने ठेवलेल्या यादीत) आहेत. इंडेक्स ३ चा म्युटेबल रेफरन्स (ज्यातून बदल करता येतो असा पत्ता) घेतला, मग ७ चा घेतला आणि दोन्हींत आकडा बदलायला गेलो, तर एरर ई०४९९: एका वेळी दोन म्युटेबल रेफरन्स नकोत. खाती वेगळी आहेत, मग अडवतोय का? तर कंसातला आकडा बॉरो चेकर (उसने घेतलेले रेफरन्स तपासणारा कंपायलरचा भाग) बघतच नाही. एक खातं उसनं घेतलं की त्याच्या लेखी अख्खा व्हेक्टर उसना गेला. स्ट्रक्टची (एकत्र बांधलेल्या माहितीची) दोन फील्ड मात्र तो वेगवेगळी धरतो.

आधी यादीचे दोन तुकडे करणारं स्प्लिट_ॲट_म्युट वापरून पाहिलं. मोठ्या इंडेक्सवर तोडलं की ते खातं दुसऱ्या तुकड्यात शून्यावर येतं. चाललं, पण लहान-मोठा इंडेक्स दर वेळी आपणच ठरवायचा. शेवटी वेगवेगळ्या इंडेक्सचे म्युटेबल रेफरन्स एकदम देणारं गेट_डिस्जॉइंट_म्युट घेतलं, ते रस्ट १.८६ पासून आहे. चुकून त्याच खात्यातून त्याच खात्यात वळती झाली तर ते एरर परत देतं. हिशोबाला मला हेच हवं होतं.

दुसरी अडचण: एका खात्याचा साधा (फक्त वाचायचा) रेफरन्स हातात ठेवून नवं खातं पुश केलं, म्हणजे यादीच्या शेवटी जोडलं, तर एरर ई०५०२. जागा पुरली नाही की व्हेक्टर मोठी जागा घेऊन सगळं तिकडं हलवतो आणि जुना पत्ता फुकट जातो. काकांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "जुन्या वहीत काय लिहायलास बाबा, बाकी तर पुढं वढली." नेमकं तेच! तो रेफरन्स वापरणारी छपाईची ओळ पुशच्या वर नेली आणि प्रोग्राम कंपाइल झाला. रेफरन्सचा शेवटचा वापर होतो तिथंच बॉरो संपतो, ब्लॉक संपेपर्यंत थांबावं लागत नाही. २०१८ च्या एडिशनपासून ही सोय आहे.

आता नावावरून खातं शोधायचंय, नसेल तर उघडायचं. हॅशमॅपमध्ये (किल्लीवरून नोंद शोधणाऱ्या रचनेत; इथं किल्ली म्हणजे नाव) गेट_म्युटने सापडलं तर फंक्शनमधून तोच रेफरन्स परत द्यायचा, नाहीतर इन्सर्ट करायचं, असं लिहिलं. दोन्ही फांद्या बरोबर असूनही कंपायलर घेत नाही. हॅशमॅपच्याच एंट्रीने (असेल तर दे, नसेल तर घाल) सुटतं, पण खातं आधीच असलं तरी किल्लीसाठी नावाची प्रत करावी लागते, ते मला पटत नाही. कुणी दुसरी वाट काढली असेल तर जरूर सांगा.