मायनर ट्यूनिंग, महिना तिसरा: मोकळा गंधार काढून टाकला

लातुरात 'बँजो शिकतोय' म्हटलं की माणसं वरात कुणाची ते विचारतात. इकडं बँजो म्हणजे बटणांचा बुलबुलतरंग, टेम्पोवर ठेवलेला, भोंग्याला जोडलेला. आमचे काका तरुणपणी अशाच एका पार्टीत वाजवायचे. माझं वाद्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "बँजो म्हनलास म्हून आलो बाबा, ह्याला तर बटनंच न्हाईत!"

तर हा पाच तारांचा, अमेरिकेकडचा, क्लॉहॅमरवाला, म्हणजे नखानं तारा वरून खाली मारून वाजवायचा. मागच्या वेळी ओपन जी (बोट न दाबता सगळ्या तारा छेडल्या की जी मेजर वाजतो, ती जुळणी) बऱ्यापैकी बसल्याचं लिहिलं होतं. पेटीवाल्यांसाठी सांगतो: पांढरी पाच म्हणजे सा धरला, तर चौथी तार खालचा प, तिसरी सा, दुसरी शुद्ध ग, पहिली प, आणि अंगठ्याची आखूड पाचवी तार वरचा सा. ही पाचवी तार म्हणजे गोंधळ्याचं तुणतुणंच. बोटं कुठंही फिरोत, ती आपली टुणटुण सोडत नाही.

तिथून मायनरकडं जायला फेब्रुवारीत सरळ रस्ता घेतला. दुसरी तार अर्धा सूर उतरवून कोमल गवर आणली, पांढरी सातवरून काळी पाचवर. झाला जी मायनर. पहिले चार दिवस लई भारी वाटलं. नुसता हात फिरवला तरी वाद्य उदास व्हायचं. पाचव्या दिवशी कंटाळा आला. कारण क्लॉहॅमरमध्ये दर दुसऱ्या ठोक्याला तारांवरून ब्रश जातो, म्हणजे नखानं तारा एकदम छेडल्या जातात, आणि प्रत्येक ब्रशमध्ये तो ग वाजतोच. सूर रिषभावर असो की धैवतावर, मागं गंधाराचं रडगाणं चालूच. घरात एक माणूस सतत हुंदके देत बसावा, तसं.

मार्चमध्ये म्हणून दुसरी वाट धरली. दुसरी तार मूळ शुद्ध गच्या अर्धा सूर वर, म्हणजे मध्यमावर नेली. अमेरिकेतले जुन्या ढंगाचे वादक याला सॉमिल किंवा माउंटन मायनर म्हणतात. नाव मायनर, पण मोकळ्या तारांत गंधारच नाही: प, सा, म, प आणि वरचा सा. गंधार पाहिजे तेव्हा तिसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) स्वतः दाबायचा. मला ही मायनर ट्यूनिंग पहिलीपेक्षा जास्त पटते. शेजारशेजारच्या म आणि प एकत्र वाजल्या की थोडं खरखरतं, ते मात्र कानाला सवय होईपर्यंत सोसावं लागतं.

मधे एक गाढवपणा केला. नवीन तारा घालताना पाचही एकदम सोडल्या. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते, ती पडली. अंदाजानं परत ठेवली आणि आठवडाभर माझे कान बिघडलेत असं समजत राहिलो. मोकळा सा बरोबर, बाराव्या पडद्यावरचा सा चढा. घोडी केसभर मागं सरकवल्यावर जमलं. तारा एकेक करूनच बदला.

आता खरी गंमत. एका दुपारी काका शेजारी बसले होते. मी मोकळा म वाजवून थांबलो तर म्हणाले, "अरे, भीमपलास लाव की." म्हणजे भीमपलासी राग. मग त्याचे पडदे मोजत बसलो (आकडा म्हणजे पडदा, मोकळी म्हणजे न दाबता). आरोह नि सा ग म प नि सां: चौथीवर 3, तिसरी मोकळी, तिसरीवर 3, दुसरी मोकळी, पहिली मोकळी, पहिलीवर 3, मग 5. अवरोहात पहिलीवर 5, 3, 2, मोकळी; दुसरी मोकळी; तिसरीवर 3, 2, मोकळी. हात जागचा फारसा हलवावा लागत नाही. शिवाय भीमपलासीचा वादी, म्हणजे मुख्य सूर, म, तो तर मोकळाच मिळाला.

काकांनी लगेच खोट काढली. "गंधार असा ठोकायचा नसतोय, मध्यमाचा कण घिऊन यायला पायजे." कण म्हणजे शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श. त्याचा उपाय पुल-ऑफमध्ये सापडला. तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर म वाजवायचा आणि बोट उचलता उचलता तार ओढून तिसऱ्यावरच्या गवर उतरायचं. निषादालाही तसाच सा चा कण, पहिल्या तारेवर तेच 5 आणि 3. एक हालचाल, दोन्ही सूर.

जमत नाही ते म्हणजे मध्यमावर थांबणं. बँजोचा सूर उंबऱ्यावरच संपतो. म वाजवून त्यामागं अंगठा दोनदा फिरवतो, म्हणजे निदान सा तरी जिवंत राहतो. केरव्याच्या आठ मात्रांत हे बसतं, दादऱ्यात अंगठा हरवतो. उतरताना रिषभही गडबडीत गिळला जातो.

एप्रिलचं ऊन वेगळंच. दुपारी पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायला बसावं तर दहा मिनिटांत तारा उतरतात. भीमपलासीची वेळ नेमकी दुपारची, म्हणून हट्टानं त्याच वेळी बसतो.

गेल्या रविवारी काकांनी माळ्यावरचा बुलबुलतरंग खाली काढला. चार बटणं अडकतात, एक तार तुटलेली. माझ्याकडं जास्तीची एक बारीक तार आहे, पण तिच्या टोकाला बँजोचा फासा आहे. तो त्यांच्या खिळ्यावर बसतो का, हे उद्या बघायचं.